आजीची ओवी आणि दोरीवरची गोधडी

वाचकहो, घरच्या घरी आणि थोडक्या पैशात होणाऱ्या गोष्टींसाठी हे सदर आहे. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही घरातलाच आहे. घरातल्या माणसाचा आवाज नीट टिपून ठेवायचा कसा?

तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचे काय? मोबाइल काढला, लाल टिकलीवर बोट ठेवले, झाले रेकॉर्डिंग. होते खरे. पण मागच्या वर्षी टिपलेले आज काढून ऐका. आजी गाते आहे, तिच्या गळ्यावर पंख्याची घरघर चढली आहे, मध्येच कुकरची शिटी, मुलांचा दंगा, आणि आजी जणू विहिरीच्या तळातून बोलते आहे. शब्द निम्मेच कळतात. असे रेकॉर्डिंग माणूस एकदा ऐकतो, ‘आपलीच आजी हो ही’ म्हणतो आणि पुन्हा कधी लावत नाही. लावावेसे वाटते तेव्हा आजी नसते, आणि मग ते पुन्हा घेताही येत नाही.

जात्यावरच्या ओव्या कागदावर उतरवण्याचे काम आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’साठी ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने संग्रहांमागून संग्रह काढले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर लोकांपुढे येत आहेत. केवढे मोठे काम! पण ह्या सगळ्या राशीत आवाजासकट टिपलेल्या ओव्या थोड्याच. कागदावर शब्द राहतात, चाल राहत नाही. चरणाच्या शेवटी सूर किती लांबवायचा, दम कुठे घ्यायचा, ‘बाई’ कुठे घालायचे, हे ज्या गळ्याने म्हटले त्यालाच ठाऊक. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ओव्या पाठ असलेल्या बाया आता बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढे आहेत.

तेव्हा हे काम करायचे तर नीट करावे. आणि नीट करायला पैसा लागतो तो सगळ्यात शेवटी, आधी नाही. दुकानदार नेमके उलटे सांगेल, कारण त्याला माइक विकायचा असतो.

पहिली गोष्ट अंतर. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले. तेव्हा माइक नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी गायचे. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एक पातळ पडदा आणि सुई, ती मेणात रेघ ओढायची. आवाज लहानमोठा करायला कसलेही बटण नव्हते. मग काय करायचे? माणूस पुढे सरकवायचा, नाहीतर मागे. विजेवर चालणारे माइक रेकॉर्डिंगला आले ते १९२५ च्या सुमारास, म्हणजे त्याआधीची सारी गाणी अंतराच्या हिशेबावरच घेतलेली आहेत. तो हिशेब आजही बदललेला नाही. आजीच्या तोंडातून थेट मोबाइलकडे येणाऱ्या आवाजाचे अंतर दुप्पट केले की त्याचा जोर निम्मा होतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे दोन मीटरवर कपाटात ठेवलेला मोबाइल उचलून पाव मीटरवर, म्हणजे वीतभराहून थोडा लांब, आणून ठेवला तर आजीचा आवाज आठपट होतो आणि घुमारा, पंखा, कुकर हे होते तेवढेच राहतात. फुकटात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

पण अगदी ओठांसमोर धरू नका. ‘फ’, ‘भ’, ‘प’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि रेकॉर्डिंगमध्ये भकभक ऐकू येते. मोबाइल तोंडाच्या किंचित बाजूला, हनुवटीच्या उंचीवर ठेवावा म्हणजे झोत बाजूने निघून जातो आणि सूर तेवढा मिळतो. फार झोत येत असेल तर भरतकामाच्या रिंगणात जुन्या मलमलीचा एक पदर ताणून मध्ये धरावा. बहुतेक फोनचा मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड आजीकडे करा. पुष्कळजण पडदा आजीकडे करतात, आणि माइकवर स्वतःचीच बोटे असतात. फोन हातात धरूच नये. हात हलतो, बोट घासते, ते सगळे टिपले जाते. पितळी डब्यावर घडी केलेली गोधडी, तिच्यावर फोन. डब्याने उंची मिळते आणि गोधडीने हादरा मरतो.

आता खोली. मधोमध उभे राहून एक जोरदार टाळी वाजवा आणि कान द्या. टाळी जागच्या जागी विझली तर खोली चांगली. मागून ‘खर्रर्र’ असा शेपटासारखा आवाज आला तर ओवीच्या प्रत्येक शब्दाला ते शेपूट लागणार आहे. सिमेंटचा गिलावा, फरशी, वर स्लॅब आणि सामान थोडे, अशी खोली सगळ्यात वाईट. आपली जुनी मातीच्या भिंतींची, सारवलेल्या जमिनीची, वर कौले आणि आत पोत्यांची थप्पी असलेली घरे ह्या बाबतीत नव्या बंगल्यापेक्षा सरस होती. आम्ही नव्या घरांच्या विरुद्ध नाही. पावसात गळत नाहीत हे काय थोडे आहे? पण ओवी टिपायला जुन्या घराची पडवी मिळाली तर तिथेच बसा. पत्र्याच्या खोलीत मात्र पाऊस नसतानाच.

नवी खोलीच असेल तर घुमारा खाणाऱ्या वस्तू आत आणायच्या. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवले की स्टुडिओ तयार होतो, असे म्हणतात. होत नाही. पुठ्ठा पातळ असतो. तो फक्त अगदी बारीक, टोकदार आवाज थोडाफार अडवतो. माणसाच्या गळ्याचा भरीव भाग तसाच घुमत राहतो, वर पेट घेणारी वस्तू भिंतभर लावून बसतो ते वेगळेच. बाजारात मिळणाऱ्या इंचभर फोमच्या चौकटींचीही गत फारशी निराळी नाही.

कारण समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. आवाज म्हणजे हवेतली लाट. सूर जितका खाली तितकी लाट लांब. सेकंदाला हजार कंपने करणाऱ्या सुराची लाट साधारण ३४ सेंटिमीटर, शंभर कंपने करणाऱ्याची जवळजवळ साडेतीन मीटर. लांब लाट धरायला जाड वस्तू लागते, किंवा पातळ वस्तू भिंतीपासून सुटी टांगावी लागते. भिंतीला लगटून हवा फारशी हलत नाही. भिंतीपासून दूर ती जास्त हलते, आणि तिथेच कापड तिला पकडते. म्हणून गोधडी भिंतीवर खिळ्यांनी ठोकू नका. भिंतीपासून वीतभर पुढे दोरी बांधा आणि तिच्यावर वाळत घातल्यासारखी टाका. जाड, जुनी, पाच-सहा लुगड्यांची असेल तर उत्तम. एक आजीच्या पाठीमागे, एक मोबाइलच्या मागच्या बाजूला, आणि खाली फरशीवर सतरंजी. दोन-तीन गोधड्यांनीच टाळीचे शेपूट तुटलेले तुमचे तुम्हाला ऐकू येईल. सगळी खोली झाकायची गरज नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना तर ह्याहून चांगली सोय आहे. भाव चढेल ह्या आशेने घरात भरून ठेवलेला कापूस! हातभर जाडीचा सैल कापूस आवाज असा पितो की पैसे मोजून बांधलेल्या स्टुडिओलाही हेवा वाटावा. कापसाच्या खोलीच्या दाराशी आजीला बसवावे. आत मात्र फार वेळ नको, अंगाला खाज सुटते आणि म्हाताऱ्या माणसाला तुसाने खोकला येतो. दिवा-काडी त्या खोलीत नेऊ नये हे तुम्हाला सांगायला नको.

गोधडी घुमारा मारते, बाहेरचा आवाज अडवत नाही, हेही लक्षात ठेवा. तो अडवायला जड भिंत लागते. ट्रॅक्टर, बोअरची मोटर, शेजारचा टीव्ही ह्यांवर उपाय एकच, वेळ निवडणे. वीज गेली की घरातले लोक कातावतात. पण पंखा बंद, फ्रिज बंद, मोटर बंद, गिरणी बंद, लाउडस्पीकर बंद. रेकॉर्डिंगला ह्यासारखी शांतता नाही. तुमच्या गावचे वीज जाण्याचे तास ठरलेले असतील तर आजीला त्याच वेळी बसवा आणि फोन आधी चार्ज करून ठेवा. चार्जर लावून तर कधीच घेऊ नये, एक बारीक गुणगुण मागे राहू शकते. पहाटेची वेळ चांगली आणि ओवीचीही तीच. पावसाळ्यातली रात्र मात्र टाळा. रातकिड्यांची किरकिर बारीक सुराची असते, शब्दांतल्या ‘स’ आणि ‘श’च्याच पट्टीत येते; मागाहून काढायला गेलात तर शब्दही बोथट होतात.

मोबाइलमध्ये दोन-तीन गोष्टी आधी पाहायच्या. विमानाचे चिन्ह असलेले बटण दाबून ठेवा, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये ‘गोंगाट कमी करा’ अशी सोय असेल तर ती बंद करा. ती बोलण्यासाठी केलेली आहे. एकाच पट्टीवर लांबवलेला सूर तिला पंख्याची घरघर वाटू शकतो आणि ती तो खाऊन टाकते. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोयही शक्य असेल तर बंद करावी, नाहीतर आजी दम घ्यायला थांबली की मागची घरघर वर उसळते. फाइल ‘वेव्ह’ प्रकारची, ४४,१०० ची घ्या. म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजला जातो. एका माइकच्या अशा रेकॉर्डिंगला मिनिटाला सुमारे पाच एमबी, तासाला तीनशेच्या आसपास जागा लागते. लग्नातला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही तेवढी खातो, तेव्हा इथे काटकसर नको. आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकू देऊ नका. कमी आलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

एवढे सगळे करून झाल्यावर खिशात पैसे असतील तर मग कॉलरला लावायचा तारेचा माइक घ्या. हजार रुपयांच्या आत बरा मिळतो. तुमच्या फोनला गोल पिनेचे भोक आहे की नाही ते पाहून घ्या. नसेल तर चार्जिंगच्या भोकात बसणारा मागा. आजीला तो लावायचा कुठे? छातीशी, हनुवटीपासून वीतभर खाली, पण डोरले आणि बोरमाळ ह्यांपासून दूर. मणी माइकवर आपटले की प्रत्येक ओवीला टकटक लागते. पदर घासणार नाही असा पिनेने आधी बसवून घ्या आणि मग माइक अडकवा. बांगड्या काढायला सांगू नका. त्या वाजल्या तर वाजू द्याव्यात, ओवीबरोबर त्या वाजतातच.

जाते फिरवतच ओवी घ्यायची असेल, आणि घ्यावीच, कारण नुसते बसून म्हटले की पुष्कळ आज्यांना ओळी आठवत नाहीत, तर फोन जमिनीवर मुळीच ठेवू नका. जात्याची थरथर जमिनीतून सरळ फोनमध्ये जाते. तो कमरेपेक्षा वर, आजीच्या तोंडाशी ठेवा. कॉलरचा माइक इथे फार उपयोगी. जात्यात दाणे थोडे कमी घातले तर दगडावर दगड खरखरतो. मूठभर जास्त घाला, घरघर मऊ होते. आधी एकदा जात्यासह आणि एकदा जात्याशिवाय, अशा दोन्ही प्रती घेतल्या तर सोन्याहून पिवळे.

घरात भजनी मंडळ बसत असेल तर तिथे फोन एकच असला तरी चालतो, पण माणसे हलवावी लागतील. पुन्हा तोच १९०२ चा हिशेब. टाळांचा आवाज सगळ्यांत तीक्ष्ण, म्हणून टाळकरी सगळ्यात मागे. बुवा हातभर-दीड हातावर, पेटी त्यांच्या शेजारी थोडी मागे, पखवाज तीन-चार हातांवर बाजूला. एक अभंगाचे कडवे घ्या, कानाला इअरफोन लावून ऐका, जो बुडाला त्याला पुढे ओढा. टाळकऱ्यांचा मान दुखावण्याची भीती असेल तर त्यांनाही ऐकवा. ते स्वतःच मागे सरकतील. देवळाचा दगडी सभामंडप घुमतो, तो गोधडीला दाद देत नाही. त्यापेक्षा वारा पडलेल्या सकाळी अंगणात किंवा खळ्यावर बसा. उघड्यावर भिंतच नाही, तर घुमारा कुठून येणार? वाऱ्यासाठी माइकला लोकरीच्या पायमोज्याचा तुकडा घालावा.

टिपून झाल्यावर थोडी साफसफाई करता येते. कॉलेजात जाणारे कोणी घरात असेल तर संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे फुकट मिळणारे साधन घ्यायला सांगा. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या नकलेवर काम करावे. ऐंशी कंपनांच्या खालचा भाग कापला की मोटारीची आणि जमिनीची घुमघुम जाते. बाईच्या गळ्याचा सूर त्याच्या वर असतो, त्याला धक्का लागत नाही. पखवाजाला मात्र ही कात्री लावू नका, डाव्या, कणीक लावलेल्या पुडीचा घुमार तिथेच राहतो. घरघर कमी करायला त्या साधनाला नुसत्या घरघरीचा नमुना द्यावा लागतो. म्हणून रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिले दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसावे. हा उपाय मिठासारखा वापरा. जास्त झाला की आजी पाण्याखालून गाते आहे असे वाटते, आणि त्यापेक्षा थोडी घरघर पत्करली.

दहा सेकंद गप्प बसल्यावर लगेच ओवी नको. तुम्ही तारीख आणि गाव सांगा, मग आजीला बोलू द्या. नाव, माहेर, सासर, ओव्या कोणाकडून शिकली. एवढ्या बोलण्यात तिचा गळा मोकळा होतो, संकोच जातो, आणि तुम्हालाही अंतर बरोबर आहे की नाही ते कळते. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला आवाज कोणाचा हे शोधत बसावे लागत नाही. ओव्यांमध्ये सासूचा जाच असतो, नणंदेची बोलणी असतात, कधी हयात माणसाचे नावही येते. गटावर किंवा इतर कुठे टाकण्याआधी आजीला विचारा आणि घरातच ठेव म्हणाली तर घरातच ठेवा.

राहता राहिल्या प्रती. फोन हरवतो, पाण्यात पडतो, नातवंडे जागा करायला पुसून टाकतात. त्याच दिवशी फाइल दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवा, एक घरातल्या पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सअॅपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे ती जशीच्या तशी जाते. तिथल्या माइकचे बटण दाबून पाठवलेला आवाज दाबला गेलेला असतो. दुसऱ्या गावची प्रत आत्याकडे द्यावी हे बरे. तिला ती ऐकता ऐकता आजीने न म्हटलेल्या दोन-चार ओव्या आठवतील, तेव्हा जाताना कॉलरचा माइक बरोबर घेऊन जा.